पाठमोरा गाणारा निलेश

निलेशची बातमी आली तेव्हा मी बोईसरच्या आमच्या स्टुडिओत एका लग्नाचा व्हिडिओ एडिट करत बसले होते. नवरीचे मामा जिथे तिथे काहीतरी चघळताना दिसत होते आणि मी त्यांच्यावर मनापासून वैतागले होते. फोन राजूचा, आमच्या बॅंडच्या ड्रमरचा. एरवी फोन उचलायच्या आत बडबड सुरू करणारा हा माणूस एवढंच म्हणाला, "शीला, निलेश नहीं रहा. कंपनी जा रहा था, डंपर ने..." पुढचं मला ऐकू आलं नाही. पडद्यावर मामा चघळतच होते. तो व्हिडिओ शेवटी दुसऱ्या कोणीतरी पूर्ण केला.

तुमच्यापैकी काहींनी निलेशला पाहिलं असेल, पण पाठीकडून. 'वलांडी' नावाच्या आमच्या बॅंडचा तो गायक. आमच्या तारापूरच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायला बांबूंच्या उभ्या-आडव्या काठ्या बांधतात, ती वलांडी. नाव त्यानंच ठेवलं. मी म्हटलं, लोकांना नावातूनच वास येईल, तर म्हणाला, "येऊ दे, गाना पन वासाचाच हाय." आणि ते खरंच होतं. वारा समुद्राकडून आला तर सुकटीचा वास, कारखान्यांकडून आला तर दुसरा, ज्याला आम्ही कोणी नाव दिलेलं नाही. डोळे मिटून वारा कुठला ते सांगणाऱ्या एका बाईचं ते गाणं होतं, आणि ती बाई म्हणजे त्याची आई.

अडचण एवढीच की निलेश स्वतः त्याच कारखान्यांपैकी एकात कंत्राटी कामगार होता आणि त्याची कायम होण्याची ऑर्डर वरच्या टेबलावर पडून होती. वडिलांनी बोट विकल्यापासून घर त्याच्या पगारावर चालायचं. वासाचं गाणं म्हणणारा पोरगा कंपनीत कळला तर ऑर्डर राहिली बाजूला, गेटवरूनच परत पाठवतील, ही त्याची भीती. मग काय, पठ्ठ्या कॅमेऱ्याकडे पाठ करून गायचा. सगळ्या व्हिडिओंत त्याची पाठ, मानेवरचा तीळ आणि हातवारे. लोकांना वाटलं ही स्टाइल आहे. पुण्याहून, नागपूरहून पोरं लिहायची, 'दादा, एकदा वळा ना.' आम्ही ते वाचून खदाखदा हसायचो. निलेश हसायचा, पण अर्धवट. दर नवीन व्हिडिओनंतर कंपनीत कोणी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं तरी मला फोन करायचा.

वासाच्या गाण्याचं शूटिंग आम्ही वलांड्यांमध्येच केलं. बोंबील तोंडात तोंड अडकवून जोड्या-जोड्यांनी लटकलेले, खाली आमचे ड्रम, गिटार आणि उसना आणलेला अॅम्प. गाणं स्पीकरवर लावायचं आणि त्यावर तोंड हलवायचं, अशी आमची पद्धत. गाणं अर्ध्यावर आलं आणि ध्यानीमनी नसताना अवकाळी सरी कोसळल्या. आमच्याकडे रीत अशी की पाऊस आला की बोंबील कोणाचे हे कोणी विचारत नाही. जो जवळ असेल त्यानं हातातलं टाकून ते उचलायचे. शहाण्या बॅंडनं आधी अॅम्प झाकला असता. आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. गिटार वाळूत, राजूच्या काठ्या कुठल्या कुठे, आणि निलेश सगळ्यांच्या पुढे... कवेत बोंबील छातीशी धरून तो वळला, सरळ कॅमेऱ्याकडे, आणि माझ्यावर ओरडला, "शीले, फोन ठेव, आदी बोंबील उचल!" मी फोन स्टँडवर तसाच सोडून धावले. फोन चालू राहिला, स्पीकरवर गाणंही चालू राहिलं. बोंबील वाचले, अॅम्प मेला.

संध्याकाळी पाहिलं तर असं काही आमच्या हातून आजवर झालं नव्हतं. पण त्यात निलेशचा चेहरा होता, लख्ख. मी म्हटलं, ठेवूया. तो म्हणाला, काप. मी खूप भांडले. इतक्या दिवसांनी एक खरी गोष्ट मिळाली आहे, ती फेकून देऊ नकोस म्हटलं. त्यानं शांतपणे विचारलं, "ऑर्डर गेली तं आईला तू पोसशील?" मी कापलं, आणि रागानं दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तेवढी चार-पाच सेकंदं काढून व्हिडिओ टाकला आणि तो बघता बघता सगळीकडे पसरला. लोकांना वाटलं, धावपळ बसवलेली आहे.

मग व्हायचं तेच झालं. कंपनीतल्या साहेबांनी निलेशला बोलावलं. टेबलावर फोन, फोनवर आमचं गाणं. पुढचं त्यानंच मला सांगितलं. साहेबांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, त्याच्या मानेकडे पाहिलं आणि विचारलं, "बोंबील वाचले का?" निलेशच्या तोंडून निघून गेलं, "हो साहेब." साहेब म्हणाले, "जा कामाला." बस, एवढंच. ही मस्करी होती की धमकी, हे त्याला कळेना, मलाही नाही. त्यानंतरचे दिवस वाईट गेले. तो जेवायचा नाही, नवीन चाली सुचायच्या नाहीत, वळून वळून मागे पाहायची सवय लागली. राजू म्हणायचा, "भाई, अब तो गाते हुए भी डरता है." ते ऐकून निलेशला मान खाली घालताना मी पाहिलं आहे.

ऑर्डर आली. कायम झाला. आईनं साऱ्या पाड्यात पेढे वाटले आणि निलेश मला म्हणाला, "आता पुढच्या गान्याला वळतो." पुढचं गाणं झालं नाही. कंपनीच्या रस्त्यावर, ऐन सकाळी, पहिल्या पाळीला जाताना... मला देवाचा फार राग आला, अजून आहे.

बाराव्याला हार घालायला फोटो मिळेना. होता तो गेटपासचा, खांदे आवळून काढलेला. निलेशच्या आईला मी मावशी म्हणते. मावशी म्हणाली, "ह्यो माझा पोरगा नाय." बॅंडच्या पोरांनी आपापले फोन चाळले, पण आमच्या सगळ्या कामात त्याची फक्त पाठ. मग मी ती कापलेली सेकंदं तिला दाखवली. तिनं ती परत परत पाहिली. "सगल्यांना दाखव," म्हणाली. मी तरी विचारलं, कंपनीचं काय? "आता कोनाला भ्याचा हाय?"

मी ती सेकंदं जागच्या जागी जोडली. व्हिडिओ आता पूर्ण आहे. त्यातलाच फोटो तिच्या घरात लागला आहे, भिजलेला, तोंड उघडं, कवेत बोंबील. अधूनमधून मी जाते तेव्हा मावशी मला फोनवर तो व्हिडिओ लावायला सांगते. पाठ दिसते तोवर ती गप्प असते. तो वळतो, ओरडतो, "फोन ठेव, आदी बोंबील उचल!" आणि मावशी दर वेळी त्याला उत्तर देते, "उचलले रे, सगले उचलले." मग फोन माझ्या हातात देऊन आभाळ बघायला वलांडीकडे जाते.