जुळारीकाकांची अक्षरं हरवली

किराणा दुकानात उभं राहून जुळारीकाकांनी हातातली चिठ्ठी आधी सुलटी धरली, मग उलटी धरली, मग उजेडाकडे नेली. ती त्यांनी स्वतःच पंधरा मिनिटांपूर्वी ओट्याशी उभं राहून लिहिली होती. आता कागदावर नुसते किडे वळवळत होते.

"आणा इकडे," म्हणत दुकानदारानं चिठ्ठी घेतली आणि घडाघडा वाचली. "साखर, साबण, मेणबत्त्या, काडेपेटी. काका, अक्षर तर मोत्यासारखं आहे की! चष्मा विसरलात?"

"हो, चष्माच," काका म्हणाले. चष्मा नाकावर होता. दुकानदारानं तो पाहिला, पण भला माणूस, साखर तोलायला वळला.

आता अक्षरं हरवली ती कोणाची, हे सांगितल्याशिवाय यातली मेख कळायची नाही. चाळीस वर्षं या माणसानं छापखान्यात खिळे जुळवले. खिळा म्हणजे शिशाचा तुकडा, त्याच्या डोक्यावर एक अक्षर, तेही आरशातल्यासारखं उलटं. समोर लाकडी पेटी, पेटीत दीडदोनशे खण. 'थ' कुठल्या खणात, असं कोणी विचारलं तर काकांना तोंडानं सांगता यायचं नाही. ते हात सैल सोडायचे आणि हात आपला आपण तिथे जायचा. "हे डोक्याचं काम नाही, हाताचं आहे," असं ते ऐटीत सांगत. बिचाऱ्यांना काय ठाऊक, ते हाताचं शहाणपणही डोक्यातच राहायला असतं! पण काय दिवस होते ते! शाईचा वास, खिळे धुवायच्या रॉकेलचा वास, यंत्राची ती एकसुरी खटखट. नखं कायमची काळी. काकांना आजही तो वास आठवला की गलबलून येई.

माडीवरच्या खोलीत मुद्रितं, म्हणजे छपाईआधीचे कच्चे छाप, तपासायला एक बाई बसायची. तिच्या लाल पेन्सिलीला सगळे टरकून असत, म्हणून नाव पडलं खोडबाई. एकदा काकांच्या हातून 'अध्यक्षांचे भाषण झाले' याऐवजी 'अध्यक्षांचे भक्षण झाले' असं गेलं. मुद्रित परत आलं, समासात लाल अक्षरांत प्रश्न होता: 'कोणी खाल्लं?' त्या दिवसापासून काकांच्या चुका वाढल्या. त्या मुद्दाम होत्या हे मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना कळलं. खोडबाईला कळलं होतं की नाही, देव जाणे. वर्षभरात दोघांनी लग्न केलं.

त्याच छापखान्यात एक जाडजूड कादंबरी आली होती. बेटावर दीपगृह सांभाळणारा एक माणूस, त्याच्याशी भांडून बोटीत बसून निघून गेलेली त्याची बहीण, आणि तो तिची वाट बघतोय. खोडबाई निम्म्या कादंबरीची मुद्रितं तपासून बाळंतपणाला गेली. उरलेली दुसऱ्या कोणी तपासली. पुस्तक निघालं, विकलं गेलं, छापखानाही बंद पडला. बहीण परत आली की नाही, हे काही बाईला कळलं नाही.

"अहो, शेवट तुम्हीच जुळवलात ना? काय होतं शेवटी?" ती दर दोनचार वर्षांनी विचारायची.

"शेवटी पूर्णविराम होता," काका सांगायचे. थट्टा नव्हती हो. जुळाऱ्याला अक्षरं दिसतात, गोष्ट दिसत नाही.

मग म्हातारपणी बाईच्या डोळ्यांच्या नसा सुकल्या. उजेड आणि अंधार, एवढंच उरलं. आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या लेकीला जुन्या पुस्तकांच्या ढिगात ती कादंबरी सापडली! रोज दुपारी चहा झाला की काका वाचत आणि बाई खिडकीशी पाय पोटाशी घेऊन ऐकत. निम्मी झाली, माहीत असलेला भाग संपला, आता खरी मजा. तेवढ्यात ही चिठ्ठीची भानगड.

घरी येऊन काकांनी पुस्तक उघडलं. किडे. दुसरं पान, तेच. बायकोनं एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते आपल्याच्यानं आता होणार नाही, हे तिला कसं सांगायचं? सांगितलंच नाही. पुस्तक मांडीवर धरलं आणि मनानं रचून सांगायला लागले. पहिल्या दिवशी वादळ आणलं. दुसऱ्या दिवशी एक व्यापारी आणला. तिसऱ्या दिवशी म्हातारा नावाडी दीपगृहावर येऊन चहा प्यायला.

"कोण आला?" बाईनं विचारलं.

"नावाडी."

"तो बुडून मेलाय. मागच्या आठवड्यात तुम्हीच वाचलंत." बाई म्हणाली. "आणि हा लेखक तीन दिवस झाले तुमच्यासारखा बोलतोय. काय झालंय? खरं सांगा."

काकांनी पुस्तक मिटलं आणि लहान मुलासारखे रडले. "अगं, अक्षरं गेली माझी. लिहिता येतं, पण लिहिलेलं वाचता येत नाही. वेड लागलंय मला."

लेक दुसऱ्या दिवशी त्यांना मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी यंत्रात घालून डोक्याचे फोटो काढले. काका हल्ली उजव्या बाजूच्या दारांना धडकतात, हेही त्यांनी न सांगता ओळखलं. "वेडबीड काही नाही, काका. मेंदूच्या मागच्या भागात एक बारीक रक्तवाहिनी बुजलीय. डोळे बघतात ते तिथे उमटतं. त्याचा शब्द होतो दुसरीकडे, डाव्या अंगाला. मधली वाट तेवढी तुटलीय. लिहायची वाट निराळी, ऐकायची निराळी, त्या धडधाकट आहेत."

"म्हणजे मी अडाणी नाही झालो?"

"छे हो! अक्षरं आत आहेत सगळी, फक्त डोळ्यांवाटे तिथे पोचता येत नाही. बोटानं गिरवून बघा. बोट त्यांना आडवाटेनं गाठेल."

काकांनी चार दिवस गिरवलं. छापलेल्या आकारावरून बोट फिरवलं की खरंच आत काहीतरी हले आणि अक्षर ओळखू येई. पण एकेकाला इतका वेळ लागायचा की तिसरं येईपर्यंत पहिलं निसटलेलं असायचं. जन्मभर पानंच्या पानं जुळवलेल्या माणसाला एक शब्द जुळेना! पाचव्या दिवशी त्यांनी पुस्तक कपाटावर टाकलं.

"लेकीला सांग. रविवारी येईल तेव्हा ती वाचेल," ते म्हणाले.

"मला लेकीकडून नको," बाई ताडकन म्हणाली. "काढा ते पुस्तक खाली."

"अगं, पण डोक्यात टिकत नाही ना!"

"माझ्या टिकतं. डोळे गेलेत, डोकं नाही गेलं." तिनं तळहात उघडून पुढे केला. "पानावर नका गिरवू. इथे गिरवा. एक झालं की पुढचं. सांभाळायचं काम माझं."

काका तिच्या शेजारी बसले. डावा हात पुस्तकावर दाबून धरला, प्रकरणाच्या सुरुवातीचा पहिला आकार निरखून पाहिला आणि तो बोटानं तिच्या तळहातावर जसाच्या तसा काढला.

"गुदगुल्या होतात. जरा दाबून," बाई म्हणाली. मग म्हणाली, "प."

दुसरा आकार अवघड होता, दोनदा काढूनही तिला कळेना. तिसऱ्यांदा तिनं मुठीत त्यांचं बोट धरलं. "त्र. पत्र." पुढचे दोन आकार झाले आणि ती ताठ बसली. "आलं. अहो, पत्र आलं!"

तिचा आवाज कानावाटे आत गेला आणि मघाशी आपण काय काढलं ते काकांना तेव्हा कळलं. त्यांनी पानाकडे पाहिलं. तिथे अजून किडेच होते.

"कोणाचं पत्र?" त्यांनी विचारलं. चाळीस वर्षांत त्यांनी कुठल्याच पुस्तकाला असा प्रश्न विचारला नव्हता.

"मला काय विचारता?" बाई हात पुढे करत म्हणाली. "पुढचं काढा."