दिव्यासमोर धरलेली गाठ

अव्वाच्या, म्हणजे माझ्या आईच्या, स्तनात गाठ झाली तेव्हा मला बी.ए. होऊन महिना झाला होता. आमच्या घराण्यातला पहिलाच. 'स्तन' हा शब्द आमच्या अणदुरात कुणी तोंडानं काढत नसे. मला तो इंग्रजीत येतो, या एका पात्रतेवर मला सोबत धाडलं.

निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं आमचं बोचकं उसकटलं. "और क्या है?"

"छातीत गाठ हाय," अव्वा म्हणाली. "करा जप्त."

सोलापुरात गोऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांची रीत अशी : खोलीत काळोख करायचा, स्तनाखाली दिवा धरायचा. गाठीत पाणी असलं तर उजेड आरपार तांबूस दिसतो, भरीव असली तर काळी. अंडं दिव्यासमोर धरून बघतात ना, तसं. पण आम्ही लिंगायत, अंड्याचं नावही न काढणारे. हे उदाहरण अव्वाला देण्याची सोय नव्हती.

अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. मी पडद्याबाहेर, दुभाषा.

थोड्या वेळानं बाई आतून म्हणाल्या, "काळी आहे. गोल, भरीव. स्तन काढावा लागेल."

हे मराठीत कसं सांगायचं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मग डोक्यात आलं, सगळं काढलं म्हणजे? न्हाताना, बाळंतपणातसुद्धा जे गळ्यातून उतरलं न्हाय, ते?

"अव्वा, तुझं गळ्यातलं इष्टलिंग कुठंय?"

मी पडद्याला तोंड लावलं.

"अव्वा!"

"हातात हाय," बारीक आवाज आला. "त्याच हातानं वर उचलून धर म्हणाल्या. म्या काय करू?"

लिंगाची चांदीची डबी दिव्याच्या तोंडाशी! बाईंना देवाचीच सावली दिसली होती, आणि त्या ती कापायला निघाल्या होत्या. मी इंग्रजीत समजावलं; परीक्षेतही इतकं चांगलं जमलं नव्हतं. अव्वा डबी खाली ठेवीना. शेवटी दोरा फिरवून पाठीवर टाकली.

पुन्हा काळोख.

"तांबूस!" बाई ओरडल्या. "सगळं तांबूस!"

सुईनं चमचाभर पिवळट पाणी निघालं, गाठ बसली. महिन्यानं दाखवायला या, म्हणाल्या.

अव्वा पदर सारखा करत बाहेर आली. मी छाती काढून उभा, आज बी.ए. कामी आली होती. तिनं माझ्या सदऱ्याच्या उघड्या गळ्याकडं बघितलं.

"माझं सापडलं, साहेब. तुमचं कुठंय?"

माझं कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून ट्रंकेत होतं, मोज्यांखाली.