सहा व्होल्टचा हॉर्न

डिंगोऱ्याचा सोपान तसा टोमॅटो पिकवणारा शेतकरी, पण गावात त्याला कोणी त्या नावानं ओळखत नसे. 'जावावाला सोपान' म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा घर दाखवायचं. गंमत अशी, की ज्या जावा मोटारसायकलीमुळं हे नाव पडलं, ती नऊ वर्षं गोठ्यात म्हशीशेजारी उभी होती आणि तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या.

गाडी त्याच्या वडलांची, सावळेरामांची. जुन्नरहून गणेशखिंडीतून येताना गाडी गावच्या ओढ्यापाशी आली, की सावळेराम दोनदा हॉर्न द्यायचे. आवाज कसला, घसा बसलेल्या माणसानं हाक मारावी तसा. तो कानावर पडला की सोपानची आई ठकूबाई चुलीवर आधण चढवायची आणि तोंडानं म्हणायची, "आलं, आलं, किती वाजवायचं ते! च्या टाकलाय." हे रोजचं. एकोणनव्वद साली सावळेराम गेले. मग ठकूबाई चहा करायची, पण कुणी मागितला तरच.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात सोपानच्या डोक्यात भरलं, की गाडी चालू करायची, आणि करायची ती वडील चालवायचे तश्शीच. इंजिनाचं काम ओतूरच्या मिस्त्रीनं महिन्यात उरकलं. घोडं अडलं ते इलेक्ट्रिकच्या सामानापाशी. सगळी दुनिया बारा व्होल्टवर गेलेली आणि ही म्हातारी सहा व्होल्टवर अडून बसलेली! दुकानदार खुशाल बारा व्होल्टचा बल्ब हातात ठेवायचे, वर म्हणायचे, बसतोय की राव. बसायचा हो, पण उजेड उदबत्तीएवढा. सोपाननं पुण्याच्या जुन्या बाजारात किती रविवार घालवले त्याला गणती नाही. इग्निशनची कॉइल तिथल्या एका ढिगात सापडली. अवसरी बुद्रुकला कुणाच्या तरी विहिरीवरच्या खोलीत एक मोडकी जावा पडलीय असं कळलं, तर गडी भर उन्हात तिकडं गेला आणि हेडलाइटचा होल्डर घेऊन आला.

राहिला हॉर्न. जुना आतून जळाला होता. सोपाननं तो फडक्यात बांधला आणि जुन्नरच्या पेठेत सुभाषचंद शेटच्या स्पेअर पार्टच्या दुकानात नेला. शेट मूळचे राजस्थानचे जैन, पण तीन पिढ्या जुन्नरात गेलेल्या, मराठी अस्सल. आपल्याकडं नमुना दाखवल्याशिवाय जुनं सामान मिळत नाही. शेट म्हणाले, ठेवून जा, पुण्याचा सेल्समन आला की दाखवतो. सोपान ठेवून आला.

आणि दिवाळीच्या साफसफाईत शेटनी स्वतःच्या हातानं तो भंगारवाल्याच्या पोत्यात टाकला! मुद्दाम नव्हे, बिचाऱ्यांना ते फडकं कशाचं हेच आठवलं नाही. सोपान विचारायला गेला तेव्हा शेटनी गडबडून बारा व्होल्टचा नवा कोरा हॉर्न पुढं केला, असाच घेऊन जा म्हणाले. सोपानचं डोकंच फिरलं.

"माझ्या बापाचा आवाज तुमी भंगारात घातला, शेट," तो म्हणाला, आणि पायरी उतरला.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. शेटची मान खाली गेली. सोपान मात्र खिंडीत एसटीच्या खिडकीशी बसून ढसाढसा रडला, लाजलासुद्धा नाही. पुढं गाडी चालू झाली, पण हॉर्नची जागा त्यानं मोकळीच ठेवली. दुसरा कसलाही हॉर्न लावीन तर शपथ, म्हणाला. त्या दुकानाची पायरी तो चढला नाही. जुन्नरात काम निघालं तरी पेठ टाळून मागच्या गल्लीनं जायचा.

दोन हजार साली, भाद्रपदात, गणपती बसलेले असताना दुपारच्या एसटीतून सुभाषचंद शेट डिंगोऱ्याला उतरले. कापडी पिशवी छातीशी धरलेली. आदल्या दिवशी त्यांची संवत्सरी झाली होती. वर्षभरात कुणाचं मन दुखावलं असेल तर त्याच्याकडं जाऊन हात जोडायचे, हा त्यांच्यातला रिवाज. पेठेत शेट दारोदार फिरायचे, डिंगोऱ्याची वाट मात्र आजवर त्यांना धरवली नव्हती.

अंगणात येऊन त्यांनी हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम, सोपानभाऊ. माफ करा. मोकळ्या हातानं यायची लाज वाटत होती, म्हणून दोन वर्षं लागली."

पिशवीतून त्यांनी पिवळं पडलेलं खोकं काढलं. त्यात सहा व्होल्टचा हॉर्न, न वापरलेला. नात्यागोत्यातल्या झाडून सगळ्या दुकानदारांना त्यांनी पत्रं घातली होती. शेवटी राजस्थानातल्या पालीच्या साडूकडं माळ्यावर हा निघाला. त्या दिवशी आपणही लई वाईट बोललो, एवढंच सोपान कसंबसं पुटपुटला, आणि पाने-स्क्रूड्रायव्हर आणायला आत पळाला.

हॉर्न बसला. वाजवला. खणखणीत वाजला हो, पण अगदी कोरा, कुणाही परक्याचा. सोपानचं तोंड उतरलं. तेव्हा शेटनी पाठीमागचा बारका स्क्रू दाखवला, तो फिरवला की आवाज बदलतो म्हणाले. मग दोघं लागले. पाव आटा इकडं, पाव आटा तिकडं. कधी बोकड ओरडल्यागत, कधी नुसती घरघर. ठकूबाई आत लसूण सोलत बसली होती. कानाचे पडदे फाडता काय रं, म्हणून तिचं दोनदा ओरडून झालं. अर्धा तास गेला. सोपानला आता वडलांचा आवाज नेमका कसा होता, हेच आठवेना. तो घाबरला. त्यानं स्क्रू केसभर मागं घेतला आणि बटण दोनदा दाबलं.

"आलं, आलं, किती वाजवायचं ते!" आतून आवाज आला. "च्या टाकलाय."

सोपानचा अंगठा बटणावरच राहिला. शेट खाली बघू लागले. आतलं भांडं वाजायचं थांबलं, आणि बऱ्याच वेळानं ठकूबाई दारात आली. गाडीकडं बघत तिनं पदर डोळ्यांना लावला.

"सोपाना," ती म्हणाली, "त्या इस्क्रूला आता हात लावू नगंस."