मामींच्या दीपस्तंभाची किंमत

वस्तू हातात घेतली की तिची किंमत सांगायची, हा माझा धंदाही आहे आणि दुर्गुणही. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी खरेदी खात्यात आहे. पुरवठादार दर घेऊन आला की त्याचा भाग वजनकाट्यावर ठेवायचा, माल किती, मशीनचा वेळ किती, रंग किती, नफा किती हे जोडायचं आणि त्याच्या दरातली हवा काढून टाकायची. हवा काढायला मला मनापासून आवडतं. नाशिकहून चेन्नईत आले तेव्हा तमिळमधले आकडे मी सगळ्यांत आधी शिकले, आणि आमच्या कोपऱ्यावरची भाजीवाली अजूनही माझ्याशी जपून बोलते.

टी. नगरच्या मागच्या एका गल्लीत आमची तीन मजल्यांची इमारत आहे. मी वर भाड्यानं राहते, तळमजल्यावर मामी. मामी तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या. त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. तमिळचा हेल, मधेच एखादा जुनापुराणा शब्द. पुढं लाज वाटली, कारण माझीच भाची नाशकात राहून मराठीत दहापर्यंत मोजताना अडखळते आणि या बाईंनी पिढ्यान्‌पिढ्या ते परक्या मुलखात जपलंय. मूलबाळ नाही. नवरा-बायको दोघंच. मामा दोन वर्षांपूर्वी गेले.

इथं नवरात्रात घरोघरी पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात, त्याला गोलू म्हणतात. मामींच्या गोलूत देव वरच्या पायऱ्यांवर, आणि अगदी खाली जमिनीवर वाळू पसरून केलेला मरीना किनारा. त्या किनाऱ्यावर वीतभर उंचीचा एक दीपस्तंभ असे, खऱ्या मरीनावरच्यासारखा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. मामा तरुणपणी कंपनीतर्फे सहा महिने अमेरिकेला गेले होते. मामींनी एकच वस्तू मागितली होती, मनगटी घड्याळ. मामांनी आणला हा दीपस्तंभ. घड्याळाचे सगळे पैसे त्यात गेले. म्हणाले, ‘याचा साचा पुढच्या वर्षी मोडणार आहेत, मग बघ याला काय भाव येतो!’

ही गोष्ट मामी दर नवरात्रात आल्यागेल्या प्रत्येक बाईला सांगायच्या. ‘हे आमच्या घरचं वैर, बघा. साहेब अमेरिकेहून माती घेऊन आले.’ बायका हसायच्या. मामा द्रोणात सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, भरून वाटत असायचे, तेही हसायचे. दोन नवरात्रं मी स्वतः तिथं बसून सुंडल खाल्लंय आणि सगळ्यांबरोबर हसलेय. वैर म्हणजे त्यांच्या भाषेत हिरा, हे मला नंतर कळलं.

मामा गेले त्या वर्षी सुतकामुळं गोलू बसला नाही. पुढच्या नवरात्राच्या आठवडाभर आधी मामींनी मला खाली बोलावलं. माळ्यावरच्या पेट्या काढलेल्या होत्या आणि हा दीपस्तंभ टॉवेलवर एकटाच ठेवला होता.

‘तू किंमत करतीस नव्हे?’ मामी म्हणाल्या. ‘हे बघून सांग मा. मन राखाला काही सांगू नक्को. खरं सांग.’

मला काय, निमित्तच हवं होतं. मामींच्या स्वयंपाकघरातला काटा आणला, वजन केलं. साडेसहाशे ग्रॅम. आतून रेझिन, साच्यात ओतलेलं, वर हातानं रंग. माल इतका, मजुरी इतकी, साच्याचा खर्च हजारो नगांवर वाटला तर इतका. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

‘तीनशे रुपये, मामी. त्याच्या वर एक पैसा नाही.’

मला वाटलं, त्या टाळी देतील. इतक्या वर्षांचं भांडण त्यांनी जिंकलं होतं. पण त्या वेताच्या मोड्यावर हळूच बसल्या.

‘तीनशे,’ त्या म्हणाल्या. ‘बरं. मग मी सांगत होते तेच खरं.’

‘मग तोंड का पाडलंत?’

‘मला खोटं ठरायचं होतं गं.’ त्यांनी पदराच्या टोकानं दीपस्तंभाचा माथा पुसला. ‘आयुष्यभर अस्की, सगळ्या लोकांसमोर त्यांना हसले. ते गेल्यापासून मनात एकच. त्यांचं म्हणणं खरं निघावं. एकदा तरी म्हणीन त्यांना, तुम्ही जिंकले.’

त्या दिवशी मला माझी शिसारी आली. गाढवाला गुळाची चव काय, तशी माझी गत. बाईंनी काय विचारलं होतं आणि मी रेझिनचा भाव सांगून मोकळी झाले होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी डबा बाजूला सारला आणि इंटरनेटवर शोधायला बसले. दीपस्तंभांच्या अशा मूर्ती जमवणारे लोक जगभर आहेत, हे मला ठाऊकच नव्हतं. कंपनीनं एखादा नमुना बनवायचा बंद केला की हे लोक त्याला रिटायर झाला म्हणतात, आणि रिटायर झाल्यावरच त्याचा खरा बाजार सुरू होतो. बुडावरच्या नावावरून शोधलं, तर मामींचा नमुना मामा सांगत होते त्याच वर्षी बंद झाला होता! मी ऑफिसात एकटीच मोठ्यानं हसले.

किमती मात्र आठ हजारांपासून नव्वद हजारांपर्यंत. या तर विकणाऱ्यांनी मागितलेल्या किमती, म्हणजे माझ्या हिशेबी निव्वळ हवा. मागायला कोणाच्या बापाचं काय जातं? खरी किंमत ती, जी कोणीतरी खिशात हात घालून दिली. ती कोणाला माहीत असेल, हे विचारत विचारत एका जमवणाऱ्याचा पत्ता लागला, चेन्नईच्याच तांबरम उपनगरातला. एकदा तोंड पोळलं होतं, म्हणून मामींना मी आकडा सांगितला नाही. एवढंच म्हणाले, ‘मामी, मी चुकले असेन. एका जाणत्याला दाखवू या.’

मामींनी माळ्यावरून मूळ पेटीही काढून घेतली. मामांनी ती थर्मोकोलसकट जपून ठेवली होती. शनिवारी सकाळी आम्ही लोकलनं तांबरमला गेलो. मामींनी नेसायला रेशमी साडी काढली होती, जणू मुलगी बघायला निघाल्या होत्या.

गृहस्थ हवाई दलातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. मामींशी तमिळमध्ये, माझ्याशी हिंदीत. भिंतभर काचेच्या कपाटात दीपस्तंभच दीपस्तंभ. त्यांनी आधी पेटी पाहिली, थर्मोकोल पाहिलं, आतला कागद उघडून त्यावरचा नंबर वाचला, आणि त्यांचा चेहरा खुलला.

‘पेटी आणि कागदासकट हा नमुना मी फार दिवसांत पाहिला नाही,’ ते म्हणाले. ‘माझ्या माहितीतले दोन विकले गेलेत. बावीस हजार कोणीही देईल. मीच देईन.’

मामींनी माझा हात धरला. इतका घट्ट, की बांगडी रुतली. ‘बावीस?’ त्यांनी तमिळमध्ये विचारलं, मग मराठीत मला विचारलं, मग पुन्हा तमिळमध्ये. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू. ‘बघ,’ मला म्हणाल्या, ‘माझा माणूस खुळा नव्हता.’ मला इतका आनंद झाला की मी त्या गृहस्थांच्या दरावर काहीही बोलले नाही. माझ्या नोकरीत असं कधी घडलेलं नाही.

मग गृहस्थांनी टॉवेल उलगडला.

दीपस्तंभ हातात घेऊन ते खिडकीशी गेले. नखानं एका लाल पट्ट्याची कड चाचपली.

‘हा मुळात करड्या, दगडी रंगाचा असतो,’ ते म्हणाले. ‘हे पट्टे कोणी काढले?’

‘मीच,’ मामी कौतुकानं म्हणाल्या. ‘गोलूला बाहुली मळकी मांडत नाहीत. दोन-तीन वर्षांनी रंगवते. मरीनाच्यासारखा केला.’

इथल्या घरांत हे सगळेच करतात. जुनी बाहुली टाकत नाहीत, विकत नाहीत, रंग देऊन नवी करतात. इंटरनेटवरचे फोटो करडे होते, पण माझ्याही कधी मनात आलं नव्हतं की करड्याचा लाल केला तर काही बिघडेल. जमवणारे लोक मूळ रंगाचेच पैसे देतात, हे त्या भल्या माणसानं फार हळू आवाजात सांगितलं. आता पेटी आणि कागदाचे धरून दोन हजार. मग मामींकडे बघून म्हणाले, बरं, तीन.

‘विकाला नाही आणलं,’ मामी म्हणाल्या. ‘नुसतं विचाराला आले. रंग देऊ नये हे आम्हांला कसं कळायचं?’

गृहस्थांनी पेटीतला कागद पुढं केला. पहिलीच ओळ इंग्रजीत होती, ठळक. धुऊ नका, रंगवू नका, किंमत जाईल. खाली खरेदीदारानं कंपनीला पाठवायची चिठ्ठी टोचे मारल्या रेघेवर फाडून घेतलेली होती, आणि उरलेल्या तुकड्यावर मामांच्या अक्षरात टीप: सूचना वाचल्या, चिठ्ठी टाकली. मामींनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग कागदाची घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली. त्या गृहस्थांनी कॉफी दिली आणि दीपस्तंभ स्वतः टॉवेलात गुंडाळून दिला.

स्टेशनवर गाडीला वेळ होता. बाकावर बसलो. मी आतून धुमसत होते, आणि मामींवर नाही, मामांवर.

‘त्यांना माहीत होतं, मामी. तुम्ही पहिल्यांदा ब्रश घेतलात तेव्हा कुठं होते ते?’

‘समोर होते,’ मामी म्हणाल्या. ‘पेपर वाचत. मी म्हणटले, हे मळकं दिसतंय, मरीनाचं करते. ते उठले. लाल कुठला आणू, विचारले.’

‘रंग त्यांनी आणला?’

‘तेच गेले दुकानात. आणि पट्टा सरळ यावा म्हणून बूड दोन्ही हातांनी धरून बसले. पहिल्या वेळी, आणि नंतर दर वेळी.’

‘अहो पण एक शब्द बोलायला काय झालं होतं?’ माझा आवाज चढला. शेजारची बाई वळून बघायला लागली. ‘बावीस हजार! तुम्ही दर वर्षी चारचौघांत त्यांचं हसं करत होतात. तो कागद काढून दाखवला असता तर तुमचं तोंड बंद झालं असतं.’

‘झालं असतं,’ मामी म्हणाल्या.

मग रुळांकडे बघत त्या बोलायला लागल्या. त्यांनी जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. अमेरिकेहून परतल्यावर त्या घड्याळावरून वर्षभर घरात रोज कुरबूर होती. दीपस्तंभाकडे त्या बघतही नसत. रंग दिला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी तो उचलून उजेडात धरला आणि म्हणाल्या, आता कसा छान दिसतो. मामा म्हणाले, हो, आता छान दिसतो. त्या दिवसापासून कुरबूर थांबली. उरली ती नवरात्रातली थट्टा.

माझा राग कुठल्या कुठं गेला. बाजारात जाऊन आणलेल्या उत्तराचं आता काय करायचं, हेही कळेना. मामी रडत होत्या, आवाज न करता, आणि पुसत नव्हत्या.

मग त्यांनी मान ताठ केली आणि बाकाच्या पलीकडच्या, रिकाम्या बाजूला वळल्या.

‘अहो,’ त्या मोठ्यानं म्हणाल्या, ‘चुकले हो मी.’

त्या फलाटावर मराठी कळणारी मी एकटीच होते, आणि ते मला म्हटलेलं नव्हतं.