दोन सुतांची जाळी

कारखान्यात टर्नरकाकांना सगळे 'दोनसूत' म्हणायचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी ते एक डोळा मिटून दाराकडे बघत आणि म्हणत, "चौकट दोन सूत कललीय." निवृत्त झाले, लेथ मशीन सुटलं, पण डोळा मिटायची सवय काही सुटली नाही.

अशा माणसाच्या परसात साप निघाला.

पाहिला तो बायकोनं. ओले कपडे वाळत घालायला गेली, तर धुण्याच्या दगडाखालून काहीतरी तपकिरी, लांबलचक सरसरत गेलं. तिनं बादली तिथंच टाकली, घरात येऊन चार कपडे बॅगेत कोंबले आणि दोन गल्ल्या पलीकडे धाकट्या भावाकडे निघाली.

"परसात तो राहील नाहीतर मी. काय ते ठरवा."

"अगं, एका सापासाठी घर सोडतेस?"

"सापासाठी नाही. त्या ढिगासाठी. अठरा वर्षं सांगतेय."

ढीग म्हणजे घराच्या मागच्या भिंतीला टेकून रचलेलं काकांचं भांडार. पाइपांचे तुकडे, गंजलेली बेअरिंगं, जळक्या मोटारीचं कव्हर, पत्रे, एका पायानं अधू झालेलं लोखंडी टेबल. "लागतं कधीतरी," असं काका म्हणत. अठरा वर्षांत त्यातलं नेमकं एकदा लागलं होतं, शेजाऱ्याच्या नळाला एक वॉशर. त्या वॉशरची गोष्ट ते अजून सांगत.

पोस्टात काम करणारी एक मुलगी सुटीच्या दिवशी साप पकडायची. काकांनी तिला बोलावलं. तिनं परसात एक चक्कर मारली, काठीनं दोन-चार ठिकाणी ठोकून पाहिलं. साप दिसला नाही.

"काका, हा ढीग हलवा. यात उंदीर आहेत, म्हणून साप येतो. आणि भिंतीला, दाराखाली बोटभरसुद्धा फट ठेवू नका."

काकांनी पहिलं वाक्य या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं. दुसऱ्याला मात्र ते चिकटले.

"बोटभर म्हणजे किती? कुणाचं बोट? उभं की आडवं?"

"काका, साप काही बोट मोजून येत नाही."

"म्हणून तर आपण मोजायचं!"

मुलीनं हसून काठी उचलली आणि जाता जाता पुन्हा ढिगाकडे बोट दाखवलं. उभं.

दुसऱ्या दिवसापासून काका कामाला लागले. दुकानदारानं तीन प्रकारच्या जाळ्या दाखवल्या, त्या तिन्ही परत केल्या. चौथ्या दुकानात दोन सूत भोकाची मिळाली. परसाच्या तिन्ही बाजूंनी वीतभर खोल चर खणला, जाळीचं खालचं टोक बाहेरच्या बाजूला वळवून पुरलं, वर कमरेएवढी उभी केली. सांडपाण्याच्या पाइपाच्या तोंडाला जाळीची टोपी बसवली. दाराखाली रबराची पट्टी ठोकली, ती तीनदा काढून तीनदा ठोकली, कारण एका कोपऱ्यात उजेड दिसत होता. पाठीचा काटा ढिला झाला. रोज भात आणि अंडी, अंडी आणि भात खाऊन तोंडाची चव गेली. मेव्हणा संध्याकाळी फोन करायचा, "काय दाजी, किल्ला झाला का बांधून?" आणि मागून बायको हसल्याचं ऐकू यायचं. काकांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

अकरा दिवसांनी त्यांनी फोन केला. "ये आता. मुंगीलासुद्धा विचारून यावं लागेल."

बायको आली. एकटीच, बॅग न घेता. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, सगळी जाळी डोळ्यांखालून घातली आणि धुण्याच्या दगडाकडे हात केला.

"ते काय?"

दगडाला लागून सापाची कात पडली होती. ताजी, ओलसर, उन्हात चमकणारी.

"जुनी असेल."

"अंघोळीची बादली तुम्ही रोज इथंच ओतता ना? काल होती?"

नव्हती. काकांना आठवत होतं. पण मोजल्याशिवाय ते हार मानणार नव्हते. कपाटातून जाडी मोजायचा व्हर्नियर आणला, कात पाटावर सपाट पसरली, रुंदी घेतली, कागदावर गणित मांडलं. बायको दाराला टेकून बघत राहिली.

"जवळजवळ दहा सूत जाड," ते म्हणाले. मग तोंड उजळलं. "अगं, कात ताणली जाते, तेही धर. आठ सूत म्हण. जाळी दोन सुतांची! या सापाला येणं शक्यच नाही!"

"मग ही कात कुणाची? माझी?"

काका पुन्हा कागदाकडे बघू लागले. गणितात चूक नव्हती. जाळीत चूक नव्हती. पट्टीही चोख होती. साप बाहेरून येऊ शकत नव्हता, आणि कात आत होती. म्हणजे...

"म्हणजे तो आतच होता," बायको म्हणाली. "तुम्ही त्याला घर बांधून दिलंत. कुंपणासकट."

एवढं बोलून ती परत गेली. काकांना कुणाशी भांडावं तेच कळेना. हे सगळं त्यांच्याच मापानं सिद्ध झालं होतं.

सुटीच्या दिवशी पोस्टातली मुलगी पुन्हा आली, आणि या वेळी ढीग उकलायचा होता. काका लोखंडी आकड्यानं एकेक वस्तू ओढत, "ही चांगली आहे हो," असं पुटपुटत बाजूला ठेवत. मुलगी ती उचलून फाटकाबाहेर, भंगारवाल्याच्या गाडीत ठेवत होती. त्यांनी दोनदा तिच्या हातातून पाइप परत घेतले. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "काका, काकूंना बोलावू का?" त्यांनी पाइप सोडला.

मोटारीचं कव्हर उचललं आणि खालून साप सुटला. लांब धामण. सरळ जाळीकडे धावली, नाक आपटलं, वळली, पुन्हा आपटलं. परसभर फिरली, एक फट सापडेना.

"बघ, बघ! जातेय का कुठून बाहेर!" काका ओरडले. काही केल्या त्यांचा आनंद लपेना.

"आत ठेवायला छान जाळी आहे," दारातून बायको म्हणाली. ती कधी आली ते त्यांना कळलंही नव्हतं.

मुलीनं धामण पिशवीत घेतली. बिनविषारी आहे, लांबच्या माळावर सोडते म्हणाली. गाडी खडखडत निघून गेली. भिंतीलगत अठरा वर्षं ऊन न लागलेली माती उघडी पडली होती, आणि बायको तिच्यावर पाय रोवून उभी राहिली.

"एवढी जागा होती आपल्याकडे?"

"आता लगेच इथं काय काय लावायचं ते सांगू नकोस. पाठ गेलीय माझी."

"सांगत नाही." ती वळली. "मी चहा टाकते. बॅग भावाकडेच आहे. ती तुम्ही आणा."

काकांनी चपला घातल्या. मेव्हणा दारातच भेटणार आणि किल्ल्याची चौकशी करणार, हे त्यांना ठाऊक होतं. ते चरफडत निघाले, पण नेहमीपेक्षा भरभर.