तिन्हीसांजेची झोप

सांगलीहून बंगळुरूला येताना विद्याताईंच्या सामानाबरोबर माहेरचा एक रिवाजही आला होता. दिवेलागणीला लक्ष्मी येते, तेव्हा घरात कुणी निजलेलं दिसू नये.

त्यांची यशश्री बारावीत होती. पहाटे क्लास, मग कॉलेज, जेवणानंतर मध्यरात्र उलटेपर्यंत अभ्यास. संध्याकाळी घरी आली की पाठीवरची सॅकसुद्धा न काढता ती दिवाणावर कलंडायची. विद्याताई आधी तिच्या केसांवरून हात फिरवायच्या, मगच हाक मारायच्या.

"यशू, ऊठ गं राणी. अशा वेळेला निजू नये."

"आई, स्वल्प झोपू दे ना. लक्ष्मीला म्हणावं, उद्या ये. येताना अपॉइंटमेंट घेऊन ये."

"वाह्यातपणा पुरे. तोंडावर पाणी मार, जा."

पुढे पुढे ती पहिल्याच हाकेला उठू लागली. बोलत नसे. थालीपीठाची कुरकुरीत कड भांडून घेणारी मुलगी ताटात बोटं फिरवत बसायची. आवडते पैंजणही तिने मैत्रिणीला देऊन टाकले.

"शहाणी झाली हो पोर. हल्ली एका हाकेत उठते," विद्याताई कौतुकानं नवऱ्याला, उमाकांतना, म्हणाल्या होत्या.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत यशश्रीनं आपलं आयुष्य संपवलं.

पवित्रा नावाच्या समुपदेशक बाई नंतर त्यांना भेटत राहिल्या. "एका कारणानं कुणी जात नाही, अक्का. ताण, उदास मन, मोडलेली झोप, सगळं एकावर एक चढत जातं. तुमच्या हाकेनं ती गेली नाही." विद्याताईंना ते पटायचं. संध्याकाळ झाली की पटेनासं व्हायचं.

वरच्या मजल्यावर चिक्कोडीकडची शिवलीला राहते. होसकोट्याच्या कारखान्यातून तिला यायला उशीर होतो, म्हणून तिची संहिता किल्लीसाठी खाली येते. अकरावीतली, बडबडी पोर. अलीकडे तिचं बोलणं आटलं होतं. एका शनिवारी किल्ली घ्यायला आली, टेकली आणि त्याच दिवाणावर झोपली. पाठीवर सॅक तशीच.

उमाकांतनी देवापुढची काडेपेटी उचलली. विद्याताईंनी त्यांचा हात धरला.

"दिवा?"

"राहू दे. जागी होईल ती."

दोघं अंधारात बसून राहिली. बऱ्याच वेळानं संहिता दचकून उठली. "सॉरी आंटी. रात्री झोपच येत नाही, मग अशी कुठंही लागते."

विद्याताई तिच्याजवळ जाऊन बसल्या. "संहिता, जगायला नको असं कधी मनात येतं का गं?"

उमाकांतनी चमकून पाहिलं. बाहेर रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. पोर पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"येतं," ती म्हणाली. "आईला नका सांगू."

"सांगावं लागेल, बाळा. तू एकटी नको, आपण दोघी सांगू. पवित्राताईंना आजच फोन करते. आई येईपर्यंत मी इथून हलत नाही."

एवढासा प्रश्न. यशूला विचारायचा राहिला होता. विद्याताईंनी संहिताच्या पाठीवरची सॅक अलगद उतरवून घेतली.

शिवलीला दारात थबकली. "काय ओ अक्का, दिवेलागण होऊन गेली की! अंधारात का बसलायसा?"

"ये, बस," विद्याताई म्हणाल्या. त्यांनी संहिताचा हात हातात घेतला होता. "दिवा लावू मग. पोरीला आधी बोलू दे."