गयाबाईंनी मातेरं सोडलं

"शेठ, पाय वर!"

आमच्या मोंढ्यातली, म्हणजे धान्यबाजारातली, सकाळ या आरोळीने सुरू व्हायची. गयाबाई हातातला खराटा अडत दुकानाच्या पायरीवर आपटायच्या आणि ओट्यावर पाय सोडून बसलेला माणूस कोण आहे हे न पाहता हुकूम सोडायच्या. शेठ पाय वर घेत, खरेदीला आलेले व्यापारी घेत. एकदा तर तपासणीला आलेल्या साहेबांनी चहाचा कप सांभाळत दोन्ही पाय खुर्चीवर घेतलेले मी पाहिले आहेत. "माझा खराटा फिरायलाय तवर जागा माझी," असं त्या म्हणायच्या, आणि तेवढ्यापुरतं ते खरंही असायचं.

मी त्या अडत दुकानात मुनीम होतो, अजूनही आहे. गयाबाई मूळच्या चारठाण्याकडच्या. नवरा हमालीसाठी इथे आला, त्याच्यामागे त्या आल्या. तो लवकर वारला, त्या राहिल्या. धुळीमुळे नाकातोंडावर पदर घट्ट बांधलेला असायचा, त्यामुळे कामाच्या वेळी त्यांचा पूर्ण चेहरा मी क्वचितच पाहिला. ओळख होती ती डोळ्यांची आणि आवाजाची.

त्यांचं काम काय होतं हे मोंढा न पाहिलेल्यांना सांगायला हवं. शेतकऱ्याचा माल उतरतो, ढीग लागतो, हर्रास म्हणजे लिलाव होतो, पोती भरली जातात. या सगळ्यात दाणे सांडतात. ते झाडायचे, चाळायचे, चांगला दाणा मालकाच्या ढिगात परत टाकायचा. मागे उरते ती माती, काडीकचरा आणि फुटका दाणा. त्याला मातेरं म्हणतात. ते मातेरं बाईने घरी न्यायचं. दिवसभराच्या कामाचा मोबदला तोच. रोख काही नाही. सोयाबीनचा हंगाम असला तर मातेरं बरं निघायचं, नाहीतर नुसती माती. ही रीत कोणी सुरू केली हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि तिच्यात काही चुकीचं आहे असं माझ्यासह कोणाला वाटलंही नव्हतं.

मग आमच्या दुकानापुढची पोत्यांची थप्पी कोसळली. सोयाबीनची भरलेली पोती एका हमालाच्या खांद्यावर आणि गयाबाईंबरोबर झाडणाऱ्या शांताबाईच्या पायावर आली. दोघांचीही हाडं मोडली. हमालाकडे बिल्ला होता, म्हणजे तो नोंदलेला मजूर होता. त्याच्या दवाखान्याचं हमालांच्या नोंदणी मंडळाने पाहिलं. शांताबाईचं कोण पाहणार, असं गयाबाईंनी विचारलं तेव्हा आमचे शेठ म्हणाले, "ती कामाला कुठं होती? मातेरं न्यायला आली होती."

शेठ रागाने बोलले नव्हते. त्यांना ते खरंच तसं वाटत होतं.  गयाबाई तोंडावरचा पदर सोडून म्हणाल्या, "बरं केलं शेठ, सांगितलं. आमाला म्हाईत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्या साऱ्या बाया नेहमीच्या वेळी आल्या आणि खराटे घेऊन फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली बसल्या. मागणी सरळ होती. बायांनाही बिल्ला द्या, रोजची मजुरी रोख द्या, आणि बिल्ला नसलेल्या बाईला आत कामाला घेऊ नका. शेवटचं कलम गयाबाईंचं. त्याशिवाय उद्या कोणीही बाहेरून दुसऱ्या बाया आणेल, हे त्यांनी ओळखलं होतं. काही बायांना भीती होती की बिल्लाही मिळणार नाही आणि हातचं मातेरंही जाईल. त्यांना त्या म्हणाल्या, "मातेरं नेतो तवर आपण मागणाऱ्या. सोडलं की मजूर."

पहिल्या दिवशी मोंढा हसला. मग सांडलेली तूर गव्हात मिसळली, गहू सोयाबीनमध्ये, आणि शेतकरी भांडू लागले. शेरडं आत शिरली. शेठनी माझ्या हाती खराटा दिला. मी झाडू लागलो तशी सगळी धूळ माझ्याच अंगावर आली. लिंबाखालून आरोळी आली, "शेठ, मुनीमजी झाडायलेत! पाय वर घ्या!" बाया पदरात तोंड घालून हसत होत्या. शेठनी सवयीने पाय वर घेतले आणि मग स्वतःच हसले. पण मागणी काही मान्य केली नाही.

हमाल संघटनेचे अण्णा सज्जन गृहस्थ, पण तेही म्हणाले, "गयाबाई, आधी आमच्या दरवाढीचं होऊ द्या. बायांचं मागून बघू."

"अण्णा, थप्पी पडताना बाई का बुवा बगत न्हाई," गयाबाई म्हणाल्या. "मग तुमी कामून बगायलाव?"



त्याच सुमारास सुमन नावाच्या एका तरुण बाईने संध्याकाळी ओट्याखालचं मातेरं पदरात भरून नेलं. बायांनी तिला पाहिलं आणि सकाळी लिंबाखाली बसू देईनात. सुमन लांब उभी राहून रडत होती. आता यांच्यात फूट पडते की काय असं मला वाटलं. गयाबाईंनी तिला हाताला धरून आणलं. "तिच्या घरात काही न्हाई म्हणून तिनं नेलं," त्या बाकीच्यांना म्हणाल्या. "आपल्या घरात होतं, आपण तिला इचारलं का? मग चूक कोणाची?" त्या दिवसापासून जिच्या घरी जे असेल ते लिंबाखाली येऊ लागलं, आणि सगळ्यांचं जेवण एकत्र होऊ लागलं. अण्णा ते रोज पाहत होते. एका सकाळी त्यांनी हमालांना पोती खाली ठेवायला सांगितलं. हमाल थांबले, की मोंढा थांबतो. बैठक बसली आणि बायांच्या तिन्ही गोष्टी मान्य झाल्या.

नोंदणीच्या दिवशी बाया धुतलेली लुगडी नेसून आल्या. गयाबाईंची पाळी आली तेव्हा कारकुनाने आधार कार्ड पाहिलं आणि मान हलवली. बिल्ल्याला वयाची अट साठ होती. कार्डाप्रमाणे गयाबाई साठीच्या पुढे गेल्या होत्या. कार्डावरची जन्मतारीख एक जानेवारी होती. आमच्या भागातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांची तीच असते, म्हणजे लिहिणाऱ्याने अंदाजाने लिहिलेली. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो की वयाचा दुसरा दाखला काढता येईल.

"तुमाला माझं खरं वय ठाव हाय का?"

"नाही."

"मला बी न्हाई. मग दाखल्यात काय लिहिणार? तुमीच म्हणता ना मुनीमजी, अंदाजानं आकडा मांडायचा न्हाई."

बाया म्हणाल्या, मावशीला नाही तर आम्हालाही नको. तेव्हा मात्र त्या भडकल्या. "माझ्यापायी अडून बसलात तर शांताचा पाय फुकट गेला म्हणा! घ्या मुकाट्यानं." बायांनी घेतले. पुढे, तू नुसती ये, आम्ही सांभाळून घेऊ, असंही त्यांना सांगून पाहिलं. "बिल्ल्याबगर आत कोणी न्हाई, हे मीच मागितलंय," एवढंच त्या म्हणाल्या, आणि वालूरला लेकीकडे राहायला गेल्या.

मागच्या हिवाळ्यात त्या वारल्या. त्याच्या काही महिने आधी एका दुपारी त्या सगळ्यांना भेटायला आल्या होत्या. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा हातात होता. फाटकावर नवा पहारेकरी होता.

"मावशी, बिल्ला?"

"न्हाई बाबा माझ्याकडं."

"मग आत सोडता येत न्हाई."

सुमन धावत आली. तिच्या छातीवर बिल्ला होता. "अरे, कळतंय का तुला कोणाला अडवायलास? हिच्यामुळं तर—"

"गप गं," गयाबाई म्हणाल्या. "त्याला कामून बोलायलीस? इतकी वर्षं ह्या फाटकातून ढोरं गेली, शेरडं गेली, आमी गेलो. कोणी इचारलं न्हाई. आज बाईला बिल्ला इचारला त्यानं." मग त्या पहारेकऱ्याकडे वळल्या. "असंच इचारत जा, लेकरा. वळखीची असली तरी सोडू नको."

तो पोरगा गोंधळून माझ्याकडे पाहू लागला.  गयाबाई फाटकाबाहेर खाली बसल्या आणि डबा उघडला. सुमन आत जाऊन सगळ्यांना बोलावून आली. त्या दिवशी मोंढ्यातल्या साऱ्या बाया फाटकाबाहेर जेवल्या.